गरम झाल्यावर सुरू न होणारी गाडी

जुनी स्कूटर घ्यायला निघालेल्या माणसाबरोबर एखादा मुरलेला फिटर असला, तर तो काय करतो ते आठवून पाहा. तो रंगाकडे फारसे बघत नाही. किलोमीटरच्या आकड्यावरही त्याचा विश्वास नसतो, कारण तो मागे फिरवता येतो हे त्याला चांगले ठाऊक असते. तो किकवर हात ठेवतो, ती सावकाश खाली दाबतो आणि मान हलवतो. ‘कॉम्प्रेशन गेलंय. इंजिनाचं काम निघणार.’

फिटरच्या हाताने दाब मोजला. सिलिंडरात कोंडलेली हवा पिस्टनच्या कडेने निसटते आहे, हे त्याला तळहाताला झालेल्या विरोधावरून कळले. पुढचे सगळे प्रश्न, म्हणजे नुसत्या रिंगा बदलायच्या, बोअर करून मोठा पिस्टन घालायचा, की स्कूटरच घ्यायची नाही, हे या एका मोजमापावर ठरतात. या लेखात आपण हेच मोजमाप एका अशा गाडीवर करून पाहणार आहोत, जिच्या इंजिनात पिस्टनही नाही आणि रिंगाही नाहीत.

ती गाडी म्हणजे जपानच्या माझदा कंपनीची आरएक्स-८. (एकेकाळी आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या ‘स्वराज माझदा’ ट्रक आणि मिनीबसच्या नावातली माझदा ती हीच.) ही स्पोर्ट्‌स कार २००३ ते २०१२ या काळात तयार झाली. भारतात कंपनीने ती विकली नाही. पण जपान, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात ती आजही सापडते, आणि तिच्या रूपाच्या व वेगाच्या मानाने स्वस्तात सापडते. ती स्वस्त का, हे समजून घेणे हाच या गाडीचा अर्धा अभ्यास आहे.

समजा, ब्रिटनमधल्या एका तरुणाने साठवलेल्या पैशातून २००६ सालची अशी गाडी घेतली. पाहायला गेला तेव्हा इंजिन थंड होते. किल्ली फिरवताच ते सुरू झाले. महामार्गावर गाडी वाऱ्यासारखी पळाली, काटा ९००० फेऱ्यांच्या लाल रेषेपर्यंत गेला. आठवड्याने लांबच्या प्रवासात तो चहाला थांबला. दहा मिनिटांनी परत आला, तर स्टार्टर गरगर फिरतो आहे आणि इंजिन काही पेट घेत नाही. तासाभराने, सगळे थंड झाल्यावर, गाडी जणू काही झालेच नाही अशी सुरू झाली.

थंड असताना सुरू होणारे आणि भरधाव पळणारे इंजिन गरम असतानाच का रुसते? उत्तरासाठी आधी इंजिन उघडावे लागेल. सुदैवाने ते पुठ्ठ्यावर उघडता येते.

जाड पुठ्ठ्यातून ३ सेंमी त्रिज्येची एक चकती कापा आणि ती मोठ्या कागदाच्या मधोमध पक्की चिकटवा. दुसऱ्या पुठ्ठ्यावर एक समभुज त्रिकोण काढा. त्याच्या केंद्रापासून प्रत्येक टोक १०.५ सेंमीवर हवे, म्हणजे बाजू सुमारे १८.२ सेंमी येईल. त्रिकोण कापा आणि त्याच्या मध्यभागी ४.५ सेंमी त्रिज्येचे गोल भोक पाडा. आता हे भोक चिकटवलेल्या चकतीवर ठेवा. भोक मोठे, चकती लहान, त्यामुळे दोन्हींच्या कडा एका ठिकाणी टेकतील. कडा टेकलेल्याच ठेवून, घसरू न देता, त्रिकोण चकतीभोवती लोळवत न्या. पुठ्ठा घसरत असेल तर दोन्ही कडांना पॉलिश पेपरची पट्टी चिकटवा. एकाने त्रिकोण फिरवावा आणि दुसऱ्याने टोकाशी पेन्सिल धरावी.

मधोमध किंचित चेपलेला, २४ सेंमी लांब आणि १८ सेंमी रुंद असा लंबगोल कागदावर उमटेल. गणितात त्याला एपिट्रोकॉइड म्हणतात. मग दुसऱ्या टोकाशी पेन्सिल धरून तीच क्रिया करा, मग तिसऱ्या. तिन्ही टोके एकाच रेषेवरून जातात! वर्गात हे करताना मुले पहिल्यांदा ‘पेन्सिल हलली’ म्हणतात आणि पुन्हा करून पाहतात. ती नाही हलत.

तुम्ही नुकतेच जे काढले ते आरएक्स-८च्या इंजिनाचे खऱ्या मापाचे चित्र आहे. चिकटवलेली चकती म्हणजे ३४ दात्यांचे न फिरणारे चाक, आणि भोक म्हणजे त्याभोवती फिरणारे आतल्या बाजूचे ५१ दाते. प्रमाण २:३. त्रिकोण म्हणजे रोटर. त्याच्या बाजू मात्र बाहेरून फुगीर असतात. पेन्सिलीची रेषा म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाची आतली भिंत. रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. त्रिकोण सावकाश फिरवत एकाच कप्प्यावर नजर ठेवा: तो मोठा होतो, लहान होतो, पुन्हा मोठा, पुन्हा लहान. शोषण, संपीडन, ज्वलन आणि उत्सर्जन. पिस्टनच्या इंजिनात जे चार टप्पे खाली-वर हालचालीने होतात, ते इथे फिरण्यातच होतात. झडपा नाहीत, कनेक्टिंग रॉड नाही.

त्रिकोणाचे केंद्रही एका छोट्या वर्तुळात फिरते, हे तुमच्या लक्षात आले असेल. त्या वर्तुळाची त्रिज्या १.५ सेंमी, म्हणजे ४.५ वजा ३. तिथेच इंजिनाचा मुख्य दांडा जोडलेला असतो, आणि रोटरच्या एका फेरीत दांड्याच्या तीन फेऱ्या होतात. काटा ९००० दाखवतो तेव्हा रोटर स्वतः मिनिटाला ३००० वेळाच फिरत असतो. बारावीच्या मुलांसाठी एक पायरी पुढे: एका कप्प्याच्या मोठ्यात मोठ्या आणि लहानात लहान आकारमानातला फरक ३ × √३ × (केंद्राच्या वर्तुळाची त्रिज्या) × (केंद्रापासून टोकाचे अंतर) × (रोटरची जाडी) इतका असतो. जाडी आहे ८ सेंमी. १.५ × १०.५ × ८ म्हणजे १२६, आणि त्याला ५.१९६ ने गुणले की ६५४.७ घन सेंमी. कंपनीच्या माहितीपत्रकात एका रोटरची क्षमता ६५४ सीसी छापलेली असते. गाडीत असे दोन रोटर एकामागे एक बसवलेले असतात, म्हणून १३०८ सीसी.

आता पुन्हा पुठ्ठ्याकडे. त्रिकोणाचे टोक भिंतीला जिथे टेकते, तिथून हवा निसटू नये म्हणून काय कराल? पिस्टनला गोल रिंग बसते आणि गोल सिलिंडरात ती सगळीकडून सारखी दाबली जाते. इथे प्रत्येक टोकाला खाच करून तीत ८ सेंमी लांबीची एक धातूची पट्टी बसवतात आणि तिच्या खाली स्प्रिंग ठेवतात. हीच ती टोकाची सील. रोटरच्या दोन्ही सपाट अंगांना कमानीसारख्या बाजूच्या सील असतात, आणि दोन्ही प्रकार जिथे भेटतात तिथे छोट्या गोल कोपरा-सील. टोकाच्या ३, बाजूच्या ६, कोपऱ्याच्या ६. एका रोटरची मुख्य बांधणी या पंधरांवर उभी आहे.

टोकाच्या सीलचे काम सर्वांत कठीण. ती भिंतीला नेहमी काटकोनात टेकत नाही. कधी पुढे कलते, कधी मागे. हा कल जास्तीत जास्त किती? त्या कोनाची ज्या म्हणजे ३ × १.५ भागिले १०.५, म्हणजेच तीन-सप्तमांश. कोन साधारण २५ अंश येतो. रोटरच्या प्रत्येक फेरीत सील दोन्ही बाजूंना २५ अंशांपर्यंत कलत भिंतीवरून घासत जाते. शिवाय ज्वलन कवचाच्या नेहमी त्याच अंगाला होते आणि थंड हवा नेहमी दुसऱ्या अंगाने येते, त्यामुळे कवच एकीकडे फार तापलेले आणि दुसरीकडे त्या मानाने गार असते. पिस्टनच्या इंजिनात गरम झालेल्या जागेवरच पुढची थंड हवा येते आणि तिला निववते. ती सोय इथे नाही.

या सीलने एक आख्खी कंपनी अडचणीत आणली होती. फेलिक्स वांकेल या जर्मन तंत्रज्ञाच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन एन.एस.यू. कंपनीत १९५७ मध्ये फिरले. आज आपण ओळखतो ती सोपी रचना त्याच कंपनीच्या अभियंत्यांनी त्यानंतर बसवली. १९६७ मध्ये एन.एस.यू.ने रो ८० ही मोटार बाजारात आणली. तिचे रूप काळाच्या पुढचे होते आणि पुढच्या वर्षी तिला युरोपातील सर्वोत्तम मोटारीचा मान मिळाला. पण सील लवकर झिजू लागल्या. हमीच्या मुदतीत कंपनीला इंजिनांमागून इंजिने फुकट बदलून द्यावी लागली. सांगतात की रस्त्यात दोन रो ८० समोरासमोर आल्या की चालक एकमेकांना हात दाखवत. जितकी बोटे वर, तितकी इंजिने बदलून झालेली! १९६९ मध्ये एन.एस.यू. फोक्सवागेनच्या छत्राखाली आउडीत विलीन झाली. कित्येक मालकांनी पुढे कंटाळून या गाडीत फोर्डचे साधे चार सिलिंडरचे पिस्टन इंजिन बसवले.

माझदाने १९६१ मध्ये या इंजिनाचा परवाना घेतला तेव्हा हिरोशिमाच्या कारखान्यातही तोच अनुभव आला. काही तास इंजिन चालवून उघडले की कवचाच्या भिंतीवर आडव्या लाटांसारखे ओरखडे दिसत. तिथल्या लोकांनी त्यांना ‘सैतानाची नखे’ असे नाव दिले. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांचा गट १९६३ पासून या कामाला लागला. ओरखड्यांचे कारण त्यांना कंपनात सापडले: खडूचा तुकडा फळ्यावर एका विशिष्ट कोनात धरला की तो सरळ रेघ न काढता टकटक उड्या मारतो ना, तशी सील भिंतीवर उड्या मारत होती. सीलला आतून आडवी-उभी भोके पाडल्यावर तिची स्वाभाविक कंप्रता बदलली आणि ओरखडे थांबले. प्रत्यक्ष विक्रीच्या गाडीत मात्र त्यांनी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या सील वापरल्या. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही त्यांची पहिली रोटरी गाडी आली, आणि त्याच मालिकेत पुढे आरएक्स-८.

ओरखडे गेले, तरी झीज राहिली. ती कमी ठेवण्यासाठी एक छोटा पंप इंजिनातले ऑइल थेंबाथेंबाने ज्वलनाच्या कप्प्यात सोडतो. ते सीलला वंगण देते आणि पेट्रोलबरोबर जळून जाते. आपल्याकडे ‘गाडी ऑइल खाते’ ही तक्रार असते. या गाडीत ते तब्येतीचे लक्षण आहे. दर एक-दोन वेळा पेट्रोल भरताना मालकाने ऑइलची पट्टी पाहायची असते. आधीच्या मालकाला हे कोणी सांगितलेच नसेल, तर सील कोरड्या घासल्या गेल्या असणार. जुन्या गाडीत असे आधीचे तीन-चार मालक असतात आणि त्यांच्या सवयी कुठल्याही कागदावर लिहिलेल्या नसतात.

आपला तरुण अजून रस्त्याच्या कडेला उभा आहे. त्याच्या कोड्याकडे परत जाऊ या.

सायकलचा एखादा जुना पंप घ्या, ज्याचा चामडी वॉशर झिजला आहे. तोंडावर अंगठा दाबून धरा आणि दट्ट्या सावकाश आत ढकला. अंगठ्याला काहीच जाणवत नाही; हवा कडेने मागे निसटते. आता तोच दट्ट्या झटक्यात ढकला. अंगठा उडेल. वॉशर तोच, भोक तेच. निसटायला मिळालेला वेळ तेवढा बदलला.

स्टार्टर इंजिनाचा दांडा मिनिटाला साधारण २५० फेऱ्यांनी फिरवतो. एका फेरीला ०.२४ सेकंद. संपीडनाचा टप्पा दांड्याच्या पाऊण फेरीत होतो, म्हणजे ०.१८ सेकंदात. गाडी ३००० फेऱ्यांवर पळत असताना हाच टप्पा ०.०१५ सेकंदात उरकतो. गळतीला मिळणारा वेळ बारापट कमी. म्हणून सील झिजलेली गाडी महामार्गावर बरी पळते आणि सुरू करतानाच अडते.

थंड असताना मात्र ती सुरू होते, ते ऑइलमुळे. थंड ऑइल घट्ट असते आणि सील व भिंत यांच्यामधली बारीक फट ते स्वतःच भरून काढते. ४० अंश सेल्सियसपासून १०० अंशांपर्यंत तापले की नेहमीच्या इंजिन ऑइलची श्यानता पाचव्या-सहाव्या हिश्शावर येते. पाण्यासारख्या पातळ ऑइलने फट बुजत नाही, दाब तयार होत नाही, मिश्रण पेटत नाही. विकणाऱ्याने गाडी थंडच का दाखवली, याचा अर्थ आता लागतो. (तो लबाड असेलच असे नाही. पण अशी गाडी पाहायला जाताना ती दहा मैल चालवून, बंद करून, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करायला सांगावे.)

हा झाला तर्क. तर्काच्या भरवशावर इंजिन खोलायचे नसते. आणखी निदान तीन कारणे असेच लक्षण दाखवू शकतात. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, कारण ज्वलनाचा कप्पा लांब आणि चपटा असतो आणि एका ठिणगीने तो नीट पेटत नाही. गाडीत चार प्लग आणि चार कॉइल. कॉइल म्हातारी झाली की ठिणगी मंदावते. दुसरे, बॅटरी उतरलेली असेल तर स्टार्टर २५० ऐवजी १८० फेऱ्यांनी फिरतो आणि चांगल्या इंजिनातही दाब कमी भरतो. तिसरे, थंड इंजिन सुरू करून, गाडी फाटकातून दोन हात पुढे घेऊन लगेच बंद केली, तर आत साचलेले पेट्रोल भिंतीवरचे ऑइल धुऊन टाकते आणि मग सील असून नसल्यासारखी होते. यातल्या कॉइलचा दोष धसमुसळा आहे. न जळलेले पेट्रोल धुराड्यातल्या उत्प्रेरक परिवर्तकात जाऊन जळते, त्यातली मातीची जाळी वितळून बुजते, गरम वायू बाहेर पडेनासे होतात आणि ती उष्णता परत सीलवर येते. पाच-दहा हजारांची कॉइल वेळेवर न बदलल्याने लाखांचे इंजिन जाते ते असे.

तर मोजायचे. पण साध्या गॅरेजमधले दाबमापक इथे फसवते. त्यात एकमार्गी झडप असते. सुई वर चढते आणि तिथेच राहते. पिस्टनच्या इंजिनात एका सिलिंडराचा एकच दाब असतो, म्हणून ते चालते. रोटरी इंजिनात एकाच प्लगच्या भोकासमोरून एकामागून एक तीन कप्पे जातात. सुई तिघांतला सर्वांत जास्त दाब धरून बसते. दोन कप्पे आजारी असले तरी तिसरा निरोगी कप्पा सगळ्यांच्या वतीने हजेरी लावतो! म्हणून या इंजिनासाठी प्रत्येक झटका वेगळा नोंदवणारे खास मापक वापरतात. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण भरलेली, इंधन आणि ठिणगी बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. २५० फेऱ्यांना निरोगी इंजिनाचा दाब ८३० किलोपास्कल असावा आणि ६८० च्या खाली जाऊ नये, असे कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका सांगते. एकाच रोटरच्या तीन कप्प्यांत १५० पेक्षा आणि दोन रोटरांत १०० पेक्षा जास्त फरक नसावा.

समजा, आपल्या तरुणाच्या हाती हा कागद आला (आकडे आम्ही बसवलेले, पण मासला खरा). पुढचा रोटर: ७९०, ७८०, ७८५. मागचा रोटर: ७४०, ५२०, ५३०.

हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना विचारा: दोष कुठे आहे? पुठ्ठ्याचा त्रिकोण हातात द्या. टोकाची प्रत्येक सील दोन शेजारच्या कप्प्यांमधली सामाईक भिंत असते. ती गळाली तर दोन्ही कप्प्यांचा दाब पडतो, तिसरा शाबूत राहतो. बाजूच्या सील मात्र ज्याच्या त्याच्या. त्यातली एक गेली तर एकच कप्पा आजारी पडतो. तिन्ही आकडे सारखेच खाली असतील तर सर्वसाधारण झीज, किंवा धुऊन गेलेले ऑइल, किंवा मंद फिरणारा स्टार्टर. आपल्या कागदावर दोन कप्पे पडले आहेत. एकही बोल्ट न सोडता, मागच्या रोटरच्या त्या दोन कप्प्यांमधल्या टोकाच्या सीलवर बोट ठेवता येते. शंभर टक्के खात्री अशी नव्हे. सील तुटलेली, झिजलेली किंवा काजळीने खाचेत अडकून बसलेली असू शकते. आकडे यातले नेमके काय ते सांगत नाहीत.

आता निवड. गाडी विक्रेत्या दुकानातून घेऊन तीस दिवस झाले नसतील, तर ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याखाली सदोष गाडी परत देऊन पैसे मागता येतात. हा पर्याय असेल तर बाकीचा विचार करूच नये. खासगी माणसाकडून घेतली असेल, तर ही वाट बहुतेक बंद.

जास्त वेगाने फिरणारा स्टार्टर बसवणे हा एक प्रचलित इलाज आहे. तो का लागू पडतो, हे सायकलच्या पंपाने आपल्याला सांगितले आहेच. गळती तशीच राहते, पण गाडी काही महिने सुरू होत राहते. मालकाने समजून-उमजून केले तर ती काटकसर; पुढच्या गिऱ्हाइकाला न सांगता केले तर फसवणूक. सील तुटलेली असण्याची शंका असेल तर मात्र हा इलाज आम्हाला पटत नाही. सुटलेला तुकडा आत फिरत राहिला तर तो कवचाच्या क्रोमियमच्या मुलाम्यावर चरे पाडतो आणि दर मैलाला पुढचे बिल वाढते.

दुसऱ्या मोडीत निघालेल्या गाडीचे इंजिन आणून बसवणे स्वस्त दिसते. त्याचे तीन आणि तीन असे सहा आकडे कोणी लिहून देत असेल तर ठीक. नाहीतर एका संशयित इंजिनाच्या जागी दुसरे संशयित इंजिन बसवण्यासाठी मजुरी मोजल्यासारखे होते. पिस्टनचे इंजिन घालण्याची रो ८० वाली युक्ती आजही काही जण करतात. पण आरएक्स-८चे इंजिन लहान आणि हलके आहे, ते पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे खाली बसते आणि त्यामुळेच गाडीचा भार पुढे-मागे जवळजवळ निम्मा-निम्मा पडतो. वळणावर ही गाडी ज्या सहजतेने वळते, ती या वाटणीमुळे. जड इंजिन नाकावर ठेवल्यावर गाडी उरते, पण ती ही गाडी नसते. विम्याचे कागद वेगळेच.

खरी चुरस दोन पर्यायांत आहे: आहे तेच इंजिन खोलून नव्या सील घालणे, किंवा ते देऊन तयार केलेले, हमीचे इंजिन बदली घेणे. बदली इंजिनाचा सगळा खर्च १०० मानू. खोलून सील, स्प्रिंगा, गॅसकेटा आणि मजुरी यांना ६० लागतील असे धरू. पण खोलल्यावर कवच चरे पडलेले निघाले, तर त्याचे आणखी ७०. म्हणजे एकूण १३०, आणि हे कळते ते इंजिन टेबलावर सुटे झाल्यावर, माघार घेता येत नाही तेव्हा. कवच खराब असण्याची संभाव्यता ‘प’ मानली तर खोलण्याचा अपेक्षित खर्च ६० + ७०प. तो १०० इतका होतो ते प = चार-सप्तमांश असताना, म्हणजे सुमारे ५७ टक्के. रकमा मानलेल्या आहेत, आपापल्या गावच्या घालाव्यात. पद्धत बदलत नाही. ‘कुठला इलाज चांगला?’ या गोंधळाच्या प्रश्नाचा ‘कवच खराब असण्याची शक्यता ५७ टक्क्यांहून जास्त वाटते का?’ असा मोजका प्रश्न झाला. त्याचे उत्तर शोधता येते. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घातला तर भिंतीचा थोडा भाग दिसतो. तिन्ही कप्पे सारखे पडले असते तर ती बहुधा सावकाश झीज, आणि कवच बरे निघण्याची आशा. दोनच कप्पे एकदम २०० ने पडले आहेत, तेव्हा सील तुटल्याचा संशय बळावतो आणि प वर सरकतो.

एक आकडा मात्र या समीकरणात घालायचा नसतो: गाडी घेताना दिलेली रक्कम. ‘एवढे पैसे घातलेत, आता दुरुस्त करायलाच हवी’ हे वाक्य आपण घर, शेत, पंप, सगळ्या बाबतीत ऐकतो. ती रक्कम गेली आहे. दुरुस्ती केली तरी गेली आणि नाही केली तरी गेली. तुलना करायची ती आजपासून पुढे लागणारा खर्च आणि दुरुस्तीनंतर हाती येणारी वस्तू यांची. तशी तुलना केल्यावर गाडी आहे तशी, दोष सांगून, सुट्या भागांसाठी विकणे हाच काहींना शहाणपणाचा मार्ग वाटतो, आणि त्यात हार मानल्यासारखे काही नाही.

आमच्या तरुणाने आधी चारही कॉइल आणि प्लग बदलले, बॅटरी भरली आणि पुन्हा मोजले. मागच्या रोटरचे आकडे ७४५, ५२५, ५३०. मोजमापाच्या चुकीइतकाच फरक. उत्प्रेरक परिवर्तक काढून उजेडासमोर धरला, तर निम्मी जाळी बुजलेली. तो बदलला नाही तर नवे इंजिनही त्याच वाटेने जाणार, म्हणून त्याची किंमत दोन्ही पर्यायांत धरावी लागली. कॅमेऱ्यात भिंतीवर एक लांब चरा दिसला. त्याने बदली इंजिन घेतले, पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून सहा आकडे लिहून घेतले आणि बसवून झाल्यावर गरम इंजिनावर स्वतःसमोर पुन्हा मोजून घेतले. तो कागद आता गाडीच्या कप्प्यात, ऑइलच्या डब्याच्या पावतीशेजारी ठेवलेला आहे.